चालत्या डिझेल गाडीचे इंजिन मध्येच बंद पडणे : लक्षणे, निदान आणि उपाय

शेतमालाची ने-आण करण्यासाठी डिझेलवर चालणारी पिकअप, जीप अथवा मोटार आता गावोगावी अनेक शेतकऱ्यांकडे आहे. पहाटेच्या लिलावासाठी टोमॅटो, फुले किंवा पालेभाजी घेऊन निघालेली गाडी वाटेत बंद पडली तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चापुरते राहत नाही. लिलाव चुकतो, माल सुकतो आणि रात्रीच्या वेळी मागून येणाऱ्या वाहनाचा धोका असतो तो वेगळाच. त्यातून हा दोष मोठा फसवा आहे. थोडा वेळ थांबले की गाडी पुन्हा सुरू होते, गॅरेजपर्यंत उत्तम चालते आणि मिस्त्रीसमोर एकदाही बंद पडत नाही. मग अंदाजाने भाग बदलणे सुरू होते. "पंप गेला असेल" म्हणून पंप उतरवला जातो, नोझल बदलली जातात, काही हजार रुपये खर्च होतात आणि आठवड्याने गाडी पुन्हा त्याच चढावर उभी राहते.

उभे पीक सुकू लागले म्हणजे जाणता शेतकरी लगेच फवारणीचा पंप पाठीवर घेत नाही. झाड एकदम सुकले की हळूहळू, शेंड्याकडून की बुडाकडून, एकटेदुकटे की पट्ट्याने, हे तो आधी पाहतो. तुरीचे झाड असेल तर उपटून खोड उभे चिरतो आणि आत तपकिरी रेष दिसली की मर रोग ओळखतो. इंजिनाच्या बाबतीतही हीच पद्धत उपयोगी पडते. ते कसे बंद पडले आणि किती वेळाने पुन्हा सुरू झाले, या दोन गोष्टी नीट पाहिल्या तर दोष कोणत्या बाजूला आहे हे पाना हातात घेण्यापूर्वीच बरेचसे कळते.

डिझेल इंजिनाची गरज

पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते, डिझेल इंजिनात ती लागत नाही. सिलिंडरमधील हवा सुमारे १६ ते २२ पट दाबली गेल्याने इतकी तापते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणून चालू असलेल्या डिझेल इंजिनाला चालू राहण्यासाठी स्वच्छ हवा, योग्य दाब आणि वेळेवर डिझेल एवढेच पुरते. यापैकी सिलिंडरचा दाब एका क्षणात जाऊन पाच मिनिटांनी परत येत नाही. हवेचा फिल्टर चोंदला तर गाडी काळा धूर सोडते व ओढत नाही, पण एकाएकी बंद सहसा पडत नाही. राहिले डिझेल. बंद पडून पुन्हा सुरू होणाऱ्या गाडीत बहुतेक वेळा दोष डिझेलच्या पुरवठ्यात, अथवा तो पुरवठा चालू-बंद करणाऱ्या विजेच्या भागात सापडतो.

जुन्या गाड्यांत यांत्रिक पंप असतो. त्यातील एका ओळीत प्लंजर असणाऱ्या इनलाइन पंपाला चालू राहण्यास वीज लागतच नाही, तो बंद करण्यासाठी केबल किंवा दांडी असते. फिरत्या डोक्याच्या रोटरी पंपावर मात्र सोलेनॉइड असतो. त्याला १२ व्होल्टचा प्रवाह मिळत असेल तोवरच डिझेल पुढे जाते. नव्या गाड्यांत कॉमन रेल पद्धत असून डिझेल किती व केव्हा फवारायचे हे संगणकीय नियंत्रक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकानंतरच्या सर्व डिझेल मोटारी व पिकअप इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्याच आहेत. आपली गाडी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे हे मालकाला माहीत असावे, कारण पुढील काही उपाय एका प्रकारात योग्य तर दुसऱ्यात घातक आहेत.

बंद पडल्याबरोबर काय करावे

निदान नंतर, आधी जीव. इंजिन बंद झाले की पॉवर स्टिअरिंग जड होते, पण चाके वळतात. ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी पुन्हा तयार होत नाही. साठलेल्या पोकळीवर ब्रेक दोन-तीन वेळाच हलका लागतो. म्हणून ब्रेक वारंवार न मारता एकदाच दाबून धरावा व गाडी डाव्या कडेला घ्यावी. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये, स्टिअरिंगला कुलूप लागते. घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रल करू नये. गिअरमध्ये ठेवल्यास इंजिनाचा अडसर मिळतो. थांबल्यावर चारही इंडिकेटर लावावेत, मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा आणि माणसांना गाडीपासून दूर, रस्त्याच्या कडेबाहेर उभे करावे. रात्री गाडीमागे उभे राहून बॅटरीच्या उजेडात खटपट करणे हे सर्वांत मोठे साहस होय, ते करू नये.

तापमानाचा काटा लाल खुणेत असेल किंवा ऑइलचा दिवा चालताना लागला असेल तर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्नही करू नये. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. स्टार्टर एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये व दोन प्रयत्नांत मिनिटभराची विश्रांती द्यावी. अन्यथा एका दोषाचे दोन होतात आणि बॅटरीही उतरते.

कसे बंद पडले?

दिव्याचे बटण दाबावे तसे, कोणताही झटका न देता, इंजिन एका क्षणात बंद झाले तर प्रथम विजेकडे पाहावे. याउलट गाडीने आधी ओढ सोडली, एक्सिलरेटर दाबूनही वेग वाढेना, झटके मारत मारत ती बंद झाली, तर डिझेल कमी पडत आहे असे समजावे. मोठा आवाज होऊन किंवा घरघर करत इंजिन जड झाले व थांबले तर ते यांत्रिक बिघाडाचे लक्षण आहे. तेथे पुढील तपासणी जाणकाराकडेच द्यावी.

दुसरी खूण धुराची. स्टार्टर फिरवताना एका माणसाने सायलेन्सरच्या नळीकडे पाहावे. करडा-पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचते आहे. धूर अजिबात नसेल तर डिझेल आतच जात नाही. या साध्या पाहणीला पैसा लागत नाही, परंतु ती करणारे फार थोडे.

किती वेळाने सुरू झाले?

या प्रश्नाचे उत्तर निदानात सर्वांत मोलाचे आहे असे माझे मत आहे. किल्ली बंद करून लगेच फिरवली आणि गाडी काही झालेच नाही अशी सुरू झाली, तर सैल तार, फ्यूज, रिले किंवा बॅटरीचा सैल टर्मिनल शोधावा. दोन ते दहा मिनिटे थांबल्यावर सुरू झाली व पुन्हा काही किलोमीटर चालली, तर टाकीच्या बाजूला अडथळा असण्याची शक्यता अधिक. अर्धा तास, इंजिन थंड होईपर्यंत, थांबावेच लागत असेल तर उष्णतेने बिघडणारा भाग, विशेषतः क्रँकशाफ्टजवळचा सेन्सर किंवा झिजलेला पंप, संशयित ठरतो. हातपंपाने डिझेल चढवल्याशिवाय सुरूच होत नसेल तर नळीत हवा शिरते आहे. आणि स्टार्टर नेहमीपेक्षा हलका व भरभर फिरतो, पण इंजिन काही धरत नाही, असे झाले तर टायमिंग बेल्ट किंवा चेन तुटल्याची शंका घ्यावी व स्टार्टर पुन्हा मारू नये. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून आणखी मोडतोड होते.

नळीत शिरणारी हवा

आपल्याकडे "गाडीने हवा घेतली" असे म्हणतात तो हा दोष. तो इतका सामान्य असूनही लवकर सापडत नाही, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बहुतेक जुन्या गाड्यांत पंप पुढे आणि टाकी मागे, खालच्या पातळीवर असते. पंप डिझेल ओढून घेतो. त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. या भागात कोठे बारीक चीर असेल तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. जमिनीवर थेंब दिसत नाही म्हणून मालक म्हणतो, गळती नाही. ऊस शेतातल्या विहिरीवरील पंपाचा सक्शन पाइप हवा घेतो तेव्हाही पाणी गळताना दिसत नाही, पंप मात्र पाणी सोडतो. प्रकार तोच.

हवा शिरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. फिल्टरच्या झाकणाखालील रबरी रिंग, फिल्टरवरील हातपंपाचा पडदा, जोड-बोल्टाखालील तांब्याचे वॉशर, कडक होऊन तडकलेली रबरी नळी, सैल क्लिप आणि गंजलेली लोखंडी नळी, या क्रमाने पाहावे. फिल्टर बदलल्यानंतर एक-दोन दिवसांत त्रास सुरू झाला असेल तर दूर कोठे शोधू नये. जुनी रिंग तशीच वापरली गेली असेल किंवा नवी रिंग मुडपली असेल. काही रुपयांच्या रिंगसाठी पंप उतरवला जातो तो येथेच.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक परीक्षा आहे. गाडी रात्री पुढचे तोंड चढाकडे करून उभी करावी व सकाळी सुरू करून पाहावी. दुसऱ्या रात्री तोंड उताराकडे करावे. चढाकडे तोंड असताना सकाळी फार वेळ स्टार्टर मारावा लागतो आणि उताराकडे असताना लगेच सुरू होते, तर रात्रभरात हवा शिरून डिझेल टाकीत परत उतरते हे जवळजवळ निश्चित झाले. त्याचप्रमाणे टाकी भरलेली असताना गाडी व्यवस्थित चालते आणि अर्ध्याखाली आली की झटके मारते, असे होत असेल तर टाकीतील उभ्या नळीला वरच्या भागात भोक अथवा तडा आहे का ते तपासावे.

पक्की परीक्षा पारदर्शक नळीची. फिल्टर व पंप यांच्यामधील नळीच्या जागी डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी चांगल्या क्लिपांनी घट्ट बसवावी. सुरुवातीला नळीतीलच हवा असल्याने दोन-तीन मिनिटे बुडबुडे दिसतील, त्याकडे लक्ष देऊ नये. त्यानंतरही बुडबुडे येत राहिले तर हवा शिरते आहे. मग पारदर्शक नळी फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावावी. तेथे बुडबुडे नसतील तर दोष फिल्टरमध्ये, असतील तर टाकीकडील नळीत. ही परीक्षा कमी दाबाच्या नळीवरच करावयाची असते. ज्या गाडीत टाकीतच विजेचा पंप असून तो डिझेल पुढे ढकलतो, त्या गाडीची नळी दाबाखाली असते. तेथे गळती बाहेर दिसते व नळी सोडण्याचे काम गॅरेजमध्येच करून घ्यावे.

यांत्रिक पंपाच्या गाडीतील हवा काढण्याची रीत बहुतेकांना माहीत आहे. फिल्टरवरील एअर स्क्रू सैल करून हातपंप मारावा, फेस जाऊन सलग धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळावा, नंतर पंपावरील स्क्रूवर हेच करावे. पुष्कळजण धार थांबल्यावर स्क्रू आवळतात, त्यामुळे हवा पुन्हा आत जाते. मात्र रोज सकाळी हवा काढणे हा उपाय नव्हे. हवा कोठून येते ते शोधलेच पाहिजे.

टाकीतील अडथळे

टाकीतून डिझेल बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात किंवा स्वतंत्र नळीत श्वासछिद्र असते. चिखल, धूळ किंवा गांधीलमाशीच्या मातीने ते बुजले, अथवा हरवलेल्या झाकणाऐवजी दुसरेच, बिनछिद्राचे झाकण बसवले, तर टाकीत पोकळी तयार होते आणि काही अंतर गेल्यावर पंपाला डिझेल ओढता येत नाही. गाडी बंद पडल्याबरोबर टाकीचे झाकण हळूच उघडावे. सूं असा आवाज येऊन हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली तर निदान झाले. झाकण सैल ठेवून मात्र प्रवास करू नये, धूळ व पाणी आत जाते.

दुसरा अडथळा टाकीतील उभ्या नळीच्या तोंडाशी असलेल्या जाळीचा. जुन्नर तालुक्यातील एका टोमॅटो उत्पादकाच्या जुन्या पिकअपचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. नारायणगावहून पुणे-नाशिक महामार्गाने भरलेली गाडी निघाली की २५-३० किलोमीटरनंतर ती ओढ सोडत असे व चढावर बंद पडत असे. पाच-सात मिनिटांनी पुन्हा सुरू. रिकामी गाडी कधीच बंद पडली नाही. दोन वेळा फिल्टर बदलले, नंतर पंप व नोझल उतरवून कॅलिब्रेशन केले, फरक पडला नाही. अखेर टाकी उतरवून धुतली तेव्हा आत खताच्या गोणीच्या प्लॅस्टिकचा तळहाताएवढा तुकडा मिळाला. कॅनचे झाकण घट्ट बसावे म्हणून त्याखाली प्लॅस्टिक लावण्याची सवय होती, त्यातीलच तो. भरलेल्या गाडीला जास्त डिझेल लागे, ओढ वाढे, तुकडा जाळीला चिकटे. इंजिन थांबले की ओढ संपून तो सुटे व तरंगू लागे. "भरलेली बंद पडते, रिकामी नाही, पाच मिनिटांत सुरू होते", ही तिन्ही लक्षणे पहिल्या दिवसापासून टाकीकडेच बोट दाखवत होती.

असा संशय आल्यास वेगळ्या कॅनवर इंजिन चालवून पाहणे हा निर्णायक मार्ग आहे. यांत्रिक पंपाच्या गाडीत टाकीकडून येणारी आणि परत जाणारी अशा दोन्ही नळ्या स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडाव्यात, हवा काढावी व गाडी जागेवरच उभी ठेवून इंजिन वाढत्या वेगावर चालवावे. परतीची नळी विसरल्यास कॅन पाहता पाहता रिकामा होतो. कॅन पंपापेक्षा उंच ठेवू नये. उंचीमुळे डिझेल आपल्या भाराने उतरते आणि नळीतील हवेचा दोष झाकला जातो. तसेच तो सायलेन्सरच्या नळीपासून व पंख्यापासून दूर, घट्ट बांधून ठेवावा. कॅनवर इंजिन नीट चालले व टाकीवर चालले नाही, तर पंपाला हात लावण्याचे कारणच उरत नाही. ही तपासणी कॉमन रेल गाडीवर करू नये.

डिझेलमधील पाणी

पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साठते. गाडी हेलकावे खाऊ लागली, विशेषतः खराब रस्त्यावर किंवा वळणावर, की ते नळीत ओढले जाते, इंजिन अडखळते व बंद पडते. पंपाचे आतील भाग डिझेलनेच वंगणले जातात. पाणी शिरले की ते गंजतात व घासतात. फिल्टरच्या तळाशी असलेला निचरा स्क्रू सैल करून पहिले अर्धी वाटीभर द्रव काचेच्या बाटलीत घ्यावे व अर्धा तास स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. बाटलीत काळसर, बुळबुळीत गाळ आढळला तर टाकीत पाणी बरेच दिवस साठून त्यावर जंतूंची वाढ झाली आहे असे समजावे आणि टाकी धुऊन घ्यावी, कारण नुसते फिल्टर बदलून तो गाळ संपत नाही.

पाणी पंपावरूनच येते असा आपला समज असतो. शेतावरच्या पिंपाकडे कोणी पाहत नाही. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या वरच्या तबकडीत पाणी साठते आणि झाकणाच्या आट्यांतून आत झिरपते. पिंप सावलीत, आडवे व किंचित तिरके ठेवावे, हलवल्यानंतर एक दिवस स्थिर राहू द्यावे आणि तळाचे थोडे डिझेल न काढता वरचेच वापरावे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या भांड्यात डिझेल साठवू नये. जस्ताशी संयोग होऊन चिकट गाळ तयार होतो. इंधन भरताना शंका आली तर पंपावर घनता मोजून दाखवण्याची मागणी करण्याचा ग्राहकाला हक्क आहे, तो वापरावा. डिझेल भरल्यानंतर काही किलोमीटरांतच गाडी बंद पडली असेल तर भरलेल्या इंधनाचा नमुना बाटलीत व पावती खिशात जपून ठेवावी.

विजेचे दोष व सेन्सर

खड्डा आला की इंजिन बंद, असे असेल तर बॅटरीचे दोन्ही टर्मिनल व इंजिनाला जोडलेली अर्थची तार प्रथम घट्ट करावी, पांढरा क्षार गरम पाण्याने धुवावा. बॅटरीचा दिवा चालताना लागून काही वेळाने हेडलाइट मंद झाले आणि मग गाडी बंद पडली, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत. रोटरी पंपाच्या गाडीत किल्ली फिरवताच पंपावरील सोलेनॉइडचा "टक" असा आवाज येतो. तो न आल्यास पंप उतरवण्यापूर्वी त्याच्या तारेला १२ व्होल्ट मिळतात का ते पाहावे. इनलाइन पंपाच्या गाडीत बंद करण्याची केबल अर्धवट अडकून राहते, तीही एकदा हाताने पुढे-मागे करून पाहावी.

कॉमन रेल गाडीत क्रँकशाफ्टचा सेन्सर नसेल तर ईसीयूला इंजिन फिरते आहे हेच कळत नाही आणि तो डिझेल फवारणे थांबवतो. हा सेन्सर तापला की सोडतो, निवला की धरतो. त्याची खूण अशी : गाडी गिअरमध्ये धावत असताना, म्हणजे चाकांमुळे इंजिन फिरत असताना, फेऱ्यांचा काटा एकदम शून्यावर येतो, आणि नंतर स्टार्टर फिरवतानाही तो हलत नाही. भाग तुलनेने स्वस्त आहे, परंतु बदलण्यापूर्वी त्याचा जोड व तार तपासावी. उंदराने कुरतडलेली किंवा तापलेल्या भागाला घासलेली तार गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत नवलाची नाही.

अशा गाडीची संगणकावर तपासणी केल्याशिवाय भाग बदलू देऊ नये. पी ०३३५ हा संकेत क्रँकशाफ्ट सेन्सरच्या मंडलाचा, तर पी ०८७ म्हणून बोलला जाणारा पी ००८७ हा रेलमधील दाब कमी असल्याचा. मात्र दुसरा संकेत दिसताच उच्च दाबाचा पंप बदलणे ही घाई होय. चोंदलेला फिल्टर, नळीतील हवा, टाकीतील जाळी व जास्त परत सोडणारा इंजेक्टर या सर्वांमुळे तोच संकेत येतो. बॅटरी काढली की संकेत पुसले जाण्याची शक्यता असते, म्हणून तपासणीपूर्वी ती काढू नये.

येथे एक गंभीर सूचना. जुन्या गाडीत इंजेक्टरचे नट सैल करून हवा काढतात तसे कॉमन रेल गाडीत कदापि करू नये. या नळ्यांत इंजिन नुसते चालू असतानाही सुमारे ३०० बार आणि भारावर १६०० बार किंवा त्याहून अधिक दाब असतो. गळणारी बारीक धार बोटाने चाचपण्याचा प्रयत्न केल्यास डिझेल कातडीच्या आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आतील मांस सडते. असे झाल्यास हळद लावून घरी न थांबता तासाभराच्या आत शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे व डिझेल आत शिरल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

गाडी फक्त सिग्नलपाशी, नुसत्या वेगावर बंद पडत असेल तर उघडी अडकलेली ईजीआर झडप पाहावी. धुराच्या गाळणीत काजळी साठल्यास शक्ती कमी होते व दिवा लागतो, एकाएकी बंद पडण्याचे ते कारण क्वचितच असते. यांत्रिक पंप झिजला असेल तर गरम इंजिनात डिझेल पातळ होऊन पुरेसा दाब मिळत नाही. बंद पडलेल्या गाडीच्या पंपावर ओले फडके ठेवून तो निवताच गाडी सुरू झाली, तर पंप खरोखरच कामाला आला आहे. त्यावर बादलीभर पाणी ओतू नये, गरम ओतीव भाग तडकतात व आतील फिरते भाग जखडतात.

गॅरेजमध्ये देताना

एका कागदावर पुढील माहिती लिहून मिस्त्रीच्या हाती द्यावी : किती किलोमीटर चालल्यावर बंद पडली, वेग व चढ किती होता, गाडी भरलेली की रिकामी, टाकीत डिझेल किती, एकदम की झटके मारून, कोणता दिवा आधी लागला, धूर होता का, पुन्हा सुरू होण्यास किती मिनिटे लागली, फिल्टर केव्हा बदलला आणि डिझेल कोठे भरले. तीन वेळा बंद पडली असेल तर तिन्ही वेळची नोंद स्वतंत्र असावी. पंप किंवा इंजेक्टर उतरवण्याचे ठरल्यास, उतरवण्यापूर्वी कोणती तपासणी केली हे विचारावे. इंजेक्टरची परतीच्या डिझेलची तुलना बाटल्या लावून करता येते. ज्याची बाटली इतरांपेक्षा बरीच लवकर भरते तो सदोष, आणि मग चारही बदलण्याची गरज पडत नाही.

फिल्टर बदलताना कॉमन रेल गाडीच्या नव्या फिल्टरमध्ये कॅनमधील डिझेल ओतू नये. न गाळलेले डिझेल थेट पंपात जाते. हातपंपाने, किंवा टाकीत विजेचा पंप असल्यास किल्ली तीन-चार वेळा चालू-बंद करून फिल्टर भरून घ्यावा. बदलल्याची तारीख व किलोमीटरचा आकडा फिल्टरवरच पक्क्या शाईने लिहावा आणि धूळ-चिखलाच्या रस्त्यावर नित्य चालणाऱ्या गाडीत पाण्याचा निचरा पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी करावा.